गरोदरपणातला गंभीर न्यूमोनिया: आयसीयूतल्या पहिल्या तासापासून घरी जाईपर्यंत

पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे एका ठरावीक चेहऱ्याची पेशंट येते. सातवा किंवा आठवा महिना, चार दिवसांचा ताप, खोकला आणि आता बोलताना वाक्य तुटतंय. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, "गरोदर असल्याने एक्स-रे केला नाही. गरोदर असल्याने टॅमिफ्लू दिली नाही. ऑक्सिजन कमी झाल्याने पुढे पाठवत आहोत." अशा चिठ्ठीत "गरोदर असल्याने" किती वेळा आलंय, ते मी मोजतो. जितक्या वेळा आलंय, तितके दिवस हातचे गेलेले असतात.

हा लेख प्रामुख्याने रेसिडेंट डॉक्टर, तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळी करणारे डॉक्टर आणि आयसीयूतल्या सिस्टर यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, फक्त औषधांचे डोस वाचून घरी काही करू नये. डॉक्टरांनीही डोस आपल्या विभागाच्या प्रोटोकॉलशी ताडून घ्यावेत.

गरोदर आहे म्हणून तपासणी आणि औषधं टाळण्याची भीती कुठून येते ते समजतं, पण अनुभव उलटा आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या १ टक्का होत्या, मृतांमध्ये मात्र ५ टक्के. भारतातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, ऑगस्ट २००९ मध्ये, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या बऱ्याच आयसीयूंनी गरोदर फ्लू पेशंट जवळून पाहिले. पुढे कोविडमध्ये मुंबईचं नायर रुग्णालय आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) यांच्या प्रेगकोविड नोंदींत पहिल्या लाटेत ०.७ टक्के गरोदर व बाळंतीण स्त्रिया दगावल्या, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के.

सोयीसाठी एक पेशंट डोळ्यांसमोर ठेवू. ती काल्पनिक आहे. वय २६, दुसरी खेप, ३० आठवडे, उंची पाच फूट, वजन ६४ किलो. श्वास मिनिटाला ३४, नाडी १२८, बीपी १०० बाय ६०, साध्या हवेवर ऑक्सिजन ८८.

आधी आकडे तिच्या पट्टीवर मोजा

गरोदरपणात फुप्फुसांतला राखीव हवेचा साठा पाचव्या हिश्शाने कमी होतो, कारण गर्भाशय छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं. ऑक्सिजनची गरज मात्र तेवढीच वाढलेली असते. म्हणजे पगार कमी, खर्च जास्त. श्वास थांबला तर इतरांचा ऑक्सिजन उतरायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा कितीतरी आधी हिचा कोसळतो.

प्रोजेस्टेरॉनमुळे ती खोल श्वास घेते. श्वासाचा वेग फारसा वाढत नाही, खोली वाढते. त्यामुळे मिनिटाला २४ च्या वर श्वास असेल तर "गरोदरपणात धाप लागतेच" म्हणून सोडून देऊ नका. ३० च्या वर असेल तर तिची जागा वॉर्डात नाही.

एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचताना तर हमखास फसगत होते. निरोगी गरोदर स्त्रीत कार्बन डायऑक्साइडचा दाब २८ ते ३२ असतो आणि बायकार्बोनेट १८ ते २१. आपल्या पेशंटचा रिपोर्ट आला: पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ३९. छापील रेंजमध्ये सगळं बसतं, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही. पण ३४ च्या वेगाने धापा टाकणाऱ्या गरोदर बाईचा कार्बन डायऑक्साइड ३९ असेल, तर तिचे श्वासाचे स्नायू थकत आलेत. भूलतज्ज्ञाला फोन करायची वेळ ही आहे. ४५ होण्याची वाट पाहू नका.

क्रिएटिनिनचंही तसंच. गरोदरपणात ते ०.८ च्या खालीच असायला हवं, म्हणून १.० दिसलं तरी मूत्रपिंडावर ताण आहे असं धरा. पांढऱ्या पेशी मात्र उलट, पंधरा हजारांपर्यंत नुसत्या गरोदरपणानेही जातात.

पहिला तास

डोक्याकडची बाजू ३० अंश वर करा आणि तिला डाव्या कुशीकडे झुकवा. २० आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे रक्त कमी येतं आणि बीपी पडतं. कंबरेच्या उजव्या बाजूखाली घडी केलेली चादर सरकवली तरी भागतं. मावशींना एकदा शिकवून ठेवा, पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

ऑक्सिजन लगेच, आणि लक्ष्य ९५ किंवा वर. इतर पेशंटना आपण ९२ वर समाधान मानतो. इथे आईचा ऑक्सिजनचा दाब ७० च्या खाली गेला की नाळेतून बाळाला पोचणारा ऑक्सिजन घटायला लागतो, म्हणून सुरुवातीला तरी कंजुषी नको. नाकाच्या नळ्यांनी भागत नसेल तर पिशवीवाला मास्क, मिनिटाला १२ ते १५ लिटर.

दोन सलाइनच्या जागा, दोन्ही हातांत. पायात नकोत. रक्ताच्या तपासण्यांबरोबर ब्लड ग्रुप आणि आरएच पाठवायला विसरू नका. या गडबडीत नेमकं तेच राहतं. ब्लड कल्चर, मलेरिया, डेंग्यू, घशाचा स्वॅब.

आणि स्वॅबच्या रिपोर्टची वाट न बघता ओसेल्टामिव्हिर (म्हणजेच टॅमिफ्लू), ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत जास्त उपयोग होतो, पण पाचव्या दिवशी आलेल्या गंभीर पेशंटलाही द्यायचंच. गरोदरपणात ते चालतं. श्वासनळीत व्हेंटिलेटरची नळी टाकलेली असेल तर कॅप्सूल उघडून नाकातून जठरात गेलेल्या नळीतून. सोबत अँटिबायोटिक पहिल्याच तासात: सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी बहुतेकींना पुरते. लेव्होफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन शक्यतो टाळा. तापासाठी पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकची सुई नको. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देते. आपल्याकडे ताप म्हटला की ही सुई इतक्या सवयीने दिली जाते की फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलेलं बरं.

एक्स-रे काढा. छातीच्या एका एक्स-रेत बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन ०.०१ मिलीग्रेपेक्षाही कमी असतं. काळजी सुरू होते ती ५० मिलीग्रेच्या आसपास. पोटावर शिशाचा ॲप्रन टाकायचा तर टाका, नातेवाइकांना धीर येतो. पण ॲप्रन सापडत नाही म्हणून एक्स-रे अडवू नका.

याच तासात तीन फोन: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. तिघांनी एकाच वेळी खाटेपाशी उभं राहून तिला बघावं. फोनवर तीन वेगळी मतं गोळा करण्यात रात्र जाते.

न्यूमोनियाच आहे का?

ताप, खोकला आणि पांढरा एक्स-रे म्हणजे न्यूमोनिया असं धरून चाललो की आपल्या देशात महाग पडतं.

पहिला संशय हृदयाचा. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप आपल्याकडे अजूनही पहिल्यांदा गरोदरपणातच उघडकीला येते. रक्ताचं प्रमाण वाढतं, नाडी वाढते, अरुंद झडपेतून रक्त पुढे जात नाही आणि फुप्फुसात पाणी साचतं. वर साधी सर्दी झाली की घडा भरतो. तिला आपण न्यूमोनिया समजून सलाइन लावत बसलो तर ती आपल्या डोळ्यांसमोर बुडेल. शेवटच्या महिन्यात आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायूच सैल पडण्याचा आजारही होतो. म्हणून धाप लागलेल्या प्रत्येक गरोदर पेशंटची इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. पूर्ण रिपोर्ट सकाळी आला तरी चालेल, पण हृदयाची डावी बाजू नीट आकुंचन पावतेय का आणि झडप कशी आहे, हे रात्रीच बघा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. आयसीयूतलं सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली नोंदलेलं असतं आणि गर्भ बघितला की एफ फॉर्म भरावा लागतो. फॉर्मचा गठ्ठा आणि मशीनची किल्ली रात्री दोन वाजता कुणाकडे मिळेल, हे दिवसाच ठरवून ठेवा. कायद्याच्या भीतीने फुप्फुसाची सोनोग्राफी टाळणारे मी पाहिले आहेत.

दुसरा संशय बीपीचा. १४० बाय ९० च्या वर असेल, लघवीत प्रथिनं असतील, तर फुप्फुसातलं पाणी प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीच्या आजाराचं) असू शकतं. उपचार वेगळे: लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध), बीपी उतरवणं, मॅग्नेशियम आणि बाळंतपण.

तिसरा, पायातून निघालेली रक्ताची गुठळी. एक्स-रे जवळजवळ स्वच्छ आणि ऑक्सिजन मात्र खाली, हे जुळलं नाही की हिचा विचार करा. डी-डायमर (गुठळीसाठीची रक्ततपासणी) गरोदरपणात तसाही वाढलेला असतो, त्यावर विसंबू नका. आधी पायांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). त्यात गुठळी सापडली तर छातीचा सीटी न करताही उपचार सुरू होतात. सापडली नाही आणि संशय दाट असेल, तर सीटी करा.

मग आपल्या मातीतले आजार. फाल्सिपेरम मलेरिया. कोकणात भातलावणीनंतर लेप्टो. डोळे लाल, कावीळ, प्लेटलेट कमी. विदर्भात पावसाळा संपताना स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप); काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली शोधा, कपडे काढून तपासल्याशिवाय ती दिसत नाही. गरोदर पेशंटला स्क्रबसाठी ॲझिथ्रोमायसिन द्यायचं, आणि ते तुम्ही आधीच सुरू केलेलं आहे. टीबीसाठी थुंकी किंवा नळीतला स्राव सीबीनॅटला (टीबीच्या जंतूच्या जनुकीय तपासणीला) पाठवा. टीबीची नेहमीची चार औषधं गरोदरपणात चालतात, स्ट्रेप्टोमायसिन तेवढं चालत नाही.

मुदतपूर्व कळा थांबवायची औषधं, बाळासाठी स्टिरॉइड आणि वर भरपूर सलाइन, हे तिन्ही एकत्र मिळालेली पेशंटही धापा टाकत येते. तिचा आजार आपल्याच उपचाराचा असतो. आधीच्या दवाखान्यात काय काय दिलं, ते फोन करून विचारा. रागावून विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही.

नळी टाकायच्या आधी

मास्कने भागत नसेल तर हाय फ्लो (नाकातून जोरात सोडलेला गरम-ओलसर ऑक्सिजन), मिनिटाला ४० ते ६० लिटर. गरोदर बायकांना ते मास्कपेक्षा मानवतं, बोलता येतं, पाणी पिता येतं. घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप हृदयामुळे फुप्फुसात साचलेल्या पाण्याला उत्तम. न्यूमोनियात जपून, कारण गरोदरपणात जठर उशिरा रिकामं होतं आणि उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा.

हिशेब करा. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर ६० लिटरच्या पूर्ण ऑक्सिजनवर दोन तासही चालत नाही. रुग्णवाहिकेतला दीड हजार लिटरचा सिलिंडर १५ लिटरवर शंभर मिनिटं. तुमच्या गावापासून मोठं रुग्णालय दोन तासांवर असेल तर पेशंट निघण्याआधी दुसरा सिलिंडर चढलेला हवा. १०८ ला फोन करताना "गरोदर, श्वासाचा त्रास, व्हेंटिलेटरची गाडी" हे तिन्ही शब्द सांगा. ज्या रुग्णालयात पाठवताय तिथल्या डॉक्टरशी बोलणं झाल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि थकत चाललेल्या पेशंटला नळी न टाकता घाटात पाठवू नका.

शुद्धीवर असतानाच तिला कुशीवर, किंवा उशा लावून पालथं झोपायला सांगता येतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत पालथं सहज जमतं, पुढे डावी-उजवी कूस. ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांनी वर येताना दिसला की पेशंटच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासारखं असतं.

हाय फ्लोवर किती थांबायचं? दर दोन तासांनी श्वासाचा वेग, मानेचे स्नायू आणि एबीजी. वेग खाली येत नसेल, द्यावं लागणारं ऑक्सिजनचं प्रमाण ६० टक्क्यांवरून खाली आणता येत नसेल, ती गुंगत चालली असेल, किंवा कार्बन डायऑक्साइड वर सरकत असेल तर आजची नळी उद्यावर टाकू नका.

नळी टाकणं

हे काम खोलीतल्या सर्वांत अनुभवी माणसाने करावं. गरोदरपणात घसा सुजलेला असतो, स्तनांमुळे लॅरिंगोस्कोपचा दांडा अडतो, हिरड्यांतून रक्त पटकन येतं. ठरवून, दिवसाउजेडी, भूलतज्ज्ञ हजर असताना टाकलेली नळी आणि पहाटे चारला रक्तातला ऑक्सिजन ६० वर घसरलेला असताना टाकलेली नळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तयारी अशी. डोकं आणि खांदे उंच, कान आणि छातीचं हाड एका रेषेत. पोट डावीकडे. तीन ते पाच मिनिटं पूर्ण ऑक्सिजन, आणि नाकातली ऑक्सिजनची नळी १५ लिटरवर सुरूच ठेवायची, अगदी श्वासनळीतली नळी आत जाईपर्यंत. सक्शन चालू करून उशीखाली. ट्यूब ६.५ किंवा ७ नंबरची. ८ ची बाहेरच काढू नका. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर पहिल्याच प्रयत्नाला तोच. नॉरॲड्रिनलिनची ड्रिप भरून जोडलेली, कारण औषध गेल्याबरोबर बीपी पडणार.

केटामिन किलोला १ ते २ मिलीग्रॅम. शॉक (बीपी ढासळलेलं) असेल तर खालचा आकडा. पाठोपाठ सक्सिनिलकोलिन १ ते १.५ किंवा रोक्युरोनियम १.२. नळी जागेवर आहे याचा पुरावा कॅप्नोग्राफचा (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख. छातीला कान लावून खात्री करण्याचे दिवस गेले.

दोन प्रयत्न फसले तर तिसरा मोह टाळा. एलएमए (घशात, श्वासनळीच्या तोंडावर बसणारा मास्क) टाका, ऑक्सिजन चढवा. तेही नाही जमलं तर गळ्याला छेद देऊन वाट. हे वाक्य औषध देण्याआधी मोठ्याने म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "पहिल्यांदा व्हिडिओ, मग एलएमए, मग गळा." म्हटल्यावर सिस्टर एलएमए शोधायला पळत नाहीत, ती हातातच असते.

व्हेंटिलेटर

श्वासाचा आकार, म्हणजे व्हेंटिलेटरने एका श्वासात द्यायची हवा, उंचीवरून काढायचा, वजनावरून कधीच नाही. आपली पेशंट पाच फूट. तिचं हिशेबाचं वजन साडेपंचेचाळीस किलो, किलोला ६ मिली धरले की सुमारे २७० मिली. वजनकाट्यावरच्या ६४ किलोने काढलं तर ३८० च्या वर जातं, आणि सुजलेलं फुप्फुस फाटतं. गर्भाशय वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. खाटेला उंची मोजायची टेप बांधून ठेवा.

प्लॅटो दाब (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब) ३० च्या खाली. तिच्या छातीवर खालून पोटाचा रेटा असतो, त्यामुळे दिसणाऱ्या दाबातला काही भाग पोटाचा असतो. तिसऱ्या तिमाहीत थोडासा जास्त दाब त्यामुळे चालवून घेता येतो, पण तो शेवटचा उपाय. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब) १० च्या आसपास सुरू करून बीपी बघत वर न्या. ऑक्सिजनचं लक्ष्य आता ९२ ते ९५ चालेल. ९९ साठी ऑक्सिजन पूर्ण उघडून ठेवू नका.

कार्बन डायऑक्साइडवर मात्र भांडणं होतात. इतर पेशंटमध्ये आपण तो ६०-७० पर्यंत बिनधास्त चढू देतो. इथे बाळाचा कार्बन डायऑक्साइड आईपेक्षा सुमारे १० ने जास्त असतो आणि तो आईकडे उताराने वाहतो. आईचाच चढला तर बाळाचं रक्त आंबट होतं. मी श्वासाचा वेग २८-३० पर्यंत वाढवून तो ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. जमलंच नाही तर ५०-५५ पर्यंत, पीएच ७.२५ च्या वर ठेवून, बाळाचे ठोके बघत. त्यासाठी श्वासाचा आकार मात्र वाढवत नाही. उलट्या बाजूलाही खड्डा आहे. कार्बन डायऑक्साइड २५ च्या खाली गेला तर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसतात.

झोपेसाठी फेंटॅनिल, प्रोपोफॉल, मिडाझोलॅम चालतात. स्नायू सैल करायला ॲट्राक्युरियम. यांपैकी काहीही चालू असताना बाळंतपण झालं तर बाळ सुस्त जन्मेल, हे बालरोगतज्ज्ञाला आधी सांगा.

पालथं झोपवणं

ऑक्सिजनचा दाब भागिले ऑक्सिजनचं प्रमाण हा आकडा १५० च्या खाली असेल तर पालथं. आपल्या पेशंटला ६० टक्के ऑक्सिजनवर दाब ६६ आला, भागाकार ११०. "गरोदर आहे, पालथी कशी करणार?" असं विचारलं जातंच. करता येते, तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यातही.

सहा-सात माणसं लागतात. एक जण फक्त नळी सांभाळतो आणि तोच आकडे मोजतो. छातीखाली एक जाड गादी किंवा चादरींची घट्ट वळकटी, दुसरी कमरेच्या हाडांखाली, आणि मधे पोट अधांतरी लोंबतं राहील एवढी जागा. पोटाखाली हात घालून बघा, तळवा मोकळा फिरला पाहिजे. एकाने स्तन आणि नळ्या बघायच्या, एकाने डोळे. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा आधी लावून घ्या. दिवसाला सोळा तास, दर दोन तासांनी मान आणि हात बदलून. पोट मोकळं लोंबलं की मोठ्या शिरेवरचा दाबही जातो, आणि कधीकधी बीपी उताण्यापेक्षा पालथ्यावरच चांगलं राहतं.

यानेही भागलं नाही तर एकमो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र). २००९ मध्ये आणि कोविडमध्ये त्यावर गरोदर माता वाचल्या आहेत. पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत तो मिळतो, पण खर्च मोठा आणि सोय मोजक्या ठिकाणी. विचारायचं असेल तर व्हेंटिलेटरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच विचारा.

बाकीचं, थोडक्यात

शॉक असेल तर सलाइन २५०-५०० मिलीच्या घोटांनी, प्रत्येक घोटानंतर फुप्फुस ऐकून. शॉक सुटला की हात आखडता. नाकातल्या नळीतून खाणं पहिल्या ४८ तासांत. गुठळी टाळायला एनॉक्सापॅरिन ४० मिलीग्रॅम रोज, पन्नास किलोखाली २०; भूल देण्यासाठी कंबरेत सुई द्यायची वेळ येण्याआधी बारा तासांचं अंतर लागतं, म्हणून दिल्याची वेळ ठळक लिहा. फ्लूच्या न्यूमोनियाला म्हणून मोठे स्टिरॉइड नकोत. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेले चार डोस वेगळे, ते चालतात. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला स्टिरॉइड द्यावंच लागतं. तिथे बाळासाठीचे डोस संपले की प्रेडनिसोलोनवर यावं, कारण ते नाळेतून फारसं पुढे जात नाही.

बाळ कधी काढायचं?

"सिझर केलं की श्वास सुटेल" ही समजूत डॉक्टरांतही घट्ट आहे. काहींचा ऑक्सिजन थोडा सुधारतो, काहींचा सुधारत नाही, आणि कुणाचा सुधारेल हे आधी सांगता येत नाही. वर सिझरनंतर आकसलेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि फुप्फुसात पाणी वाढू शकतं. रक्तस्राव झाला तर वेगळंच. म्हणून नुसतं व्हेंटिलेटरवर आहे एवढ्या कारणासाठी मी सिझर मागत नाही.

माझी ढोबळ पद्धत अशी. बाळ बाहेर जगू शकणार नाही एवढं लहान असेल तर सगळं लक्ष आईवर. २८ ते ३२ आठवडे: आईला सावरायला वेळ द्या, बाळासाठी डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम दर बारा तासांनी चार डोस, आणि रोज सकाळी तिन्ही तज्ज्ञांनी खाटेपाशी नव्याने ठरवायचं. ३४ च्या पुढे आणि आई सुधारत नसेल तर बाळंतपणाकडे पारडं झुकतं. मधल्या दोन आठवड्यांत प्रामाणिक माणसांची मतं वेगळी पडतात. तुमच्या एनआयसीयूत किती लहान बाळं जगतात, हा आकडा तिथे पुस्तकापेक्षा महत्त्वाचा.

बाळाचे ठोके बिघडले की पहिली धाव थिएटरकडे नको. आईचा ऑक्सिजन, बीपी, कूस, ताप बघा. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. ठोके म्हणजे आईच्या रक्ताभिसरणाचा आणखी एक मॉनिटर.

३२ आठवड्यांआधी बाळंतपण ठरलं तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम, ४ ग्रॅम हळू, मग तासाला १ ग्रॅम. मॅग्नेशियमने स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबतो. लघवी आणि गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो तो) बघत राहा, कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन हळू, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम तीन तासांच्या आत. कार्बोप्रोस्ट दम्याच्या पेशंटला अजिबात नाही, आणि फुप्फुस आधीच बिघडलेलीलाही टाळावं, श्वासनळ्या आकसतात. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी.

हृदय थांबलंच तर छातीवरचा मसाज नेहमीच्या जागी, विजेचा शॉक नेहमीच्या ताकदीचा, आणि एका माणसाने दोन्ही हातांनी गर्भाशय डावीकडे ओढून धरायचं. मॅग्नेशियम बंद, कॅल्शियम चालू. गर्भाशय बेंबीपर्यंत पोचलेलं असेल आणि चार मिनिटांत हृदय परतलं नाही तर तिथेच खाटेवर पोट उघडायचं, पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर. थिएटरला न्यायचं नाही, सही घ्यायची नाही. हे आईसाठी करायचं असतं. गर्भाशय रिकामं झालं की मसाजला जोर येतो. त्यासाठी अशा प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक ब्लेड, दोन क्लॅम्प आणि चिमटे असलेली पिशवी पहिल्या दिवसापासून टांगलेली असावी.

बाहेर बसलेली माणसं

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एकाच डॉक्टरने बोलावं. सासूबाई विचारतात, "बाळाला काही होणार नाही ना?" माहेरचे विचारतात, "आमची मुलगी वाचेल का?" नवरा दोघांच्या मधे उभा असतो आणि काहीच विचारत नाही. त्याला बाजूला घेऊन बसवा. मी सांगतो, "बाळ आत्ता सगळ्यात चांगल्या जागी आहे, आणि ती जागा टिकवायची तर आईला टिकवायला हवं." "आई की बाळ, काय वाचवायचं ते तुम्ही सांगा" असा प्रश्न कुठल्याही कुटुंबापुढे टाकू नका. तो वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि त्याचं उत्तर ती माणसं जन्मभर वागवतात.

आणि ती स्वतः शुद्धीवर असेल तर आधी तिला सांगा. नळी टाकण्याआधी दोन मिनिटं काढा. "ताई, तुम्हाला झोपवणार आहोत, बाळाचे ठोके चांगले आहेत, हे बघा ऐका." संमती तिची असते.

उतरणीला

द्यावा लागणारा ऑक्सिजन ४० टक्क्यांवर, पीप ५ ते ८ वर आला, शॉक नाही, डोळे उघडते, की झोपेचं औषध रोज सकाळी थांबवून अर्ध्या तासाची चाचणी घ्या. नळी काढण्याआधी तिच्याभोवतीचा हवेचा फुगा (कफ) सैल करून बाजूने हवा गळतेय ना बघा, घशाची सूज अजून असू शकते. काढल्यावर थेट हाय फ्लोवर.

बाळंतपण झालं असेल तर बेशुद्ध आईलाही तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. दर तीन-चार तासांनी सिस्टरांनी पंपाने किंवा हाताने ते काढायचं, नाहीतर स्तनात गाठी होऊन नवा ताप येतो आणि आपण अँटिबायोटिक बदलत बसतो. आयसीयूतली बहुतेक औषधं दुधाला चालतात, तेव्हा बालरोगतज्ज्ञाला विचारून ते बाळाला पाठवा. फ्लू असला तरी दुधातून तो जात नाही. जवळ घेताना आईला मास्क आणि हात धुणं पुरतं.

पोटात बाळ असतानाच ती बरी होऊन घरी चालली असेल, तर दोन आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी लिहून द्या. या वर्षीची फ्लूची लस घेतली नसेल तर बरी झाल्यावर द्या, कुठल्याही महिन्यात चालते. आणि डिस्चार्ज कार्डावर पुढच्या भूलतज्ज्ञासाठी तीन ओळी: नळी टाकायला किती प्रयत्न लागले, कुठल्या नंबरची गेली, कशाने दिसलं. दोन-अडीच महिन्यांनी ती कळा सुरू झाल्यावर कुठल्या तरी दुसऱ्याच दवाखान्यात जाईल, रात्रीच जाईल, आणि तिच्या पिशवीत तेवढा एकच कागद असेल.